बोनस: बक्षीस की हक्क?

आजचा प्रश्न साधा दिसतो. नोकरीच्या करारात लिहिलेलं नाही, पण वर्षानुवर्षं मिळत आलंय, ते मालकाने बंद केलं तर कामगाराला मागता येतं का? उत्तरासाठी आपण मुंबईच्या गिरणगावात जाऊ.

पहिल्या महायुद्धाने कापड गिरण्यांना भरघोस नफा दिला आणि महागाईही वाढवली. आधी मजुरीवर युद्धभत्ता मिळू लागला, मग काही वर्षं वार्षिक बोनस. कामगार तो धरूनच चालू लागला. १९२३ मध्ये धंदा मंदावला आणि मालकांनी ‘यंदा बोनस नाही’ असं जाहीर केलं. जानेवारी १९२४ मध्ये संप सुरू झाला. दीड लाखांवर माणसं बाहेर पडली.

सरकारने उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांची समिती नेमली. तिचा निष्कर्ष असा, की रूढी, कायदा किंवा न्यायबुद्धी, कशाच्याही आधारे बोनस वसूल करण्याचा हक्क कामगारांना सिद्ध करता आलेला नाही. म्हणजे काय, तर बोनस हे बक्षीस, आणि बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीवर. संप फसला.

आता इथे थोडं थांबू या. समितीने विचारलं, ‘ठरलं काय होतं?’ तिच्या चौकटीत उत्तर बरोबरच होतं. पण दुसरा एक प्रश्न राहून गेला: हा नफा निर्माण कोणी केला? बक्षिसामागे घेणाऱ्याचे श्रम असतीलच असं नाही. बोनसमागे मात्र वर्षभराचं काम असतं.

हा दुसरा प्रश्न १९५० मध्ये श्रम अपील न्यायाधिकरणाने विचारात घेतला. वादही मुंबईचाच, गिरणी मालक आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्यातला. नफ्यातून घसारा, यंत्रांच्या नूतनीकरणाची तरतूद, भरणा झालेल्या भांडवलावर ६ टक्के परतावा वगैरे वजा करायचं. उरेल त्यात कामगाराचाही वाटा. १९६५ मध्ये बोनसचा कायदा झाला. संपापासून मोजलं तर ४१ वर्षं लागली.

कमिशनचंही तसंच. औषध कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी ‘कामगार’ आहेत की नाहीत, यावरच न्यायालयात भांडणं झाली. त्यांच्यासाठी १९७६ मध्ये वेगळा कायदा आला. औद्योगिक विवाद कायद्यातल्या वेतनाच्या व्याख्येत विक्रीवरचं कमिशन ऑगस्ट १९८४ पासून धरलं जाऊ लागलं.

म्हणून नेमणूकपत्रात ‘कमिशन व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार’ अशी ओळ दिसली, की आपण १९२४ आठवावं. सही करण्याआधीच विचारावं: दर किती, हिशोब कधी, नोकरी सोडल्यावर राहिलेल्या रकमेचं काय? उत्तर लेखी घ्यावं. मर्जीचा हक्क व्हायला एका पिढीहून जास्त काळ लागला. तेवढी वाट पाहणं एकट्या माणसाला परवडत नाही.