चौकशीने दिला होकार, मतपेटीने दिला नकार : लंडनच्या 'रिंगवे'ची हकीकत

१/ लंडनच्या ब्रिक्स्टन भागात साउथविक हाउस नावाची एक अजस्र निवासी इमारत आहे. तिची एक बाजू किल्ल्याच्या तटासारखी भासते : उंच, नागमोडी भिंत आणि त्यात अगदी लहान खिडक्या. शेजारून जाणाऱ्या नियोजित महामार्गाच्या गोंगाटापासून रहिवाशांचा बचाव व्हावा, म्हणून ही रचना केली होती. इमारत उभी राहिली. महामार्ग मात्र कधीच आला नाही.

२/ १९६५ मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिल ही महानगर परिषद अस्तित्वात आली. वाढत्या मोटारींवर उपाय म्हणून एकाबाहेर एक अशा चार वर्तुळाकार महामार्गांची योजना पुढे आली. हेच 'रिंगवे'. सर्वांत आतले वर्तुळ कॅम्डेन टाउन, हॅकनी, ब्रिक्स्टन अशा दाट वस्त्यांतून जाणार होते. हजारो घरे पाडावी लागणार होती. तरीही आरंभी दोन्ही प्रमुख पक्ष योजनेच्या बाजूने होते.

३/ २८ जुलै १९७० रोजी 'वेस्टवे' या उन्नत मार्गाचे उद्घाटन झाले. तो अ‍ॅकलम रोडवरील घरांच्या खिडक्यांपासून अवघ्या काही फुटांवरून जात होता. या नरकातून आमची सुटका करा, अशा अर्थाचे फलक रहिवाशांनी उद्घाटनाच्या दिवशीच झळकवले. कागदावरच्या रेषेचा प्रत्यक्ष अर्थ काय, हे साऱ्या लंडनने त्या दिवशी पाहिले.

४/ त्याच वर्षी एप्रिलमध्ये झालेल्या परिषदेच्या निवडणुकीत 'होम्स बिफोर रोड्स', म्हणजे रस्त्यांआधी घरे, या नावाने नागरिकांनी उमेदवार उभे केले होते. त्यांपैकी एकही निवडून आला नाही. विरोधकांपुढे मुख्य मार्ग उरला तो जाहीर चौकशीचा.

५/ रिंगवे हे लंडनच्या विकास आराखड्याचा भाग होते आणि आराखड्याला मंजुरी देण्याआधी हरकती ऐकणे सरकारला बंधनकारक होते. सुमारे २८,००० हरकती दाखल झाल्या. ख्यातनाम विधिज्ञ फ्रँक लेफील्ड यांच्या अध्यक्षतेखालील मंडळासमोर १९७० ते १९७२ या काळात सुनावणी चालली.

६/ विरोधकांनी केवळ गाऱ्हाणी मांडली नाहीत. अर्थतज्ज्ञ जे. मायकेल थॉमसन यांच्यासारख्या अभ्यासकांच्या साहाय्याने त्यांनी परिषदेच्या वाहतूक-अंदाजांनाच आव्हान दिले. नवा रस्ता जुनी गर्दी वाहून नेतो, तशीच नवी गर्दीही निर्माण करतो; मग एवढी घरे पाडून साधणार काय, हा त्यांचा मूळ प्रश्न होता.

७/ १९७३ च्या आरंभी अहवाल प्रसिद्ध झाला. त्याने योजनेला बरीच कात्री लावली, खासगी मोटारींवर निर्बंध आणि उत्तम सार्वजनिक वाहतूक यांचा आग्रह धरला. परंतु सर्वाधिक वादग्रस्त असलेले आतले वर्तुळ बांधावे, अशीच शिफारस केली. केंद्रातील हुजूर पक्षाच्या सरकारने ती तत्त्वतः स्वीकारलीही. चौकशीच्या निकालात विरोधक हरले होते.

८/ तथापि दरम्यानच्या काळात लोकमत पालटले होते आणि त्याबरोबर मजूर पक्षाची भूमिकाही. रिंगवे रद्द करण्याचे आश्वासन देऊन त्या पक्षाने एप्रिल १९७३ मध्ये परिषदेची निवडणूक जिंकली. सत्तेवर येताच आतल्या वर्तुळाची योजना गुंडाळली गेली.

९/ जे तुकडे आधीच बांधून झाले होते, ते राहिले. ज्यांची घरे गेली, त्यांची परत आली नाहीत. बाहेरच्या वर्तुळांच्या काही भागांतून एम-२५ हा महामार्ग साकारला आणि १९८६ मध्ये पूर्ण झाला.

१०/ म्हणून लेफील्ड चौकशीचे मोल तिच्या निकालात शोधू नये. तिने नागरिकांना दोन गोष्टी दिल्या : तज्ज्ञांच्या आकड्यांना जाहीरपणे जाब विचारण्याची जागा आणि बुलडोझर येण्यापूर्वीचा अवधी. त्या अवधीचा उपयोग लंडनकरांनी केला. ब्रिक्स्टनच्या त्या लहान खिडक्या आजही न आलेल्या रस्त्याकडे पाहत आहेत.