उपरण्याखालचा भाव

‘डिजिटल’ या इंग्रजी विशेषणाचा मूळ अर्थ ‘बोटाचा’. लॅटिनमध्ये डिजिटस म्हणजे बोट. मोजणी बोटांवर चाले म्हणून दहाच्या आतल्या अंकालाही तेच नाव पडले आणि 1940 च्या दशकात ते गणकयंत्राला लागले. या जुन्या अर्थाचा व्यवहार आपल्या बैलबाजारांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. जुन्नर तालुक्यातल्या बेल्ह्याचा सोमवारचा बाजार अशाच बाजारांच्या परंपरेतला. दलाल गिऱ्हाइकाचा हात उपरण्याखाली घेई आणि बोटे दाबून भाव ठरे. तोंडाने आकडा निघतच नसे. ही रीत म्हणजे शेतकऱ्याला फसवण्याची युक्ती, असे सरसकट म्हटले जाते. मला ते अर्धेच पटते. रीत चांगली की वाईट, हे कापडाखाली कोणत्या मालाचा भाव होतो आहे त्यावर ठरते.

सोळाव्या शतकाच्या आरंभी वार्थेमा या इटालियन प्रवाशाने कालिकतच्या दलालांची अशीच रीत नोंदवली. सतराव्या शतकात ताव्हेर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने हिऱ्यांच्या खाणीजवळ ती पाहिली आणि तिची लिपीच लिहून ठेवली: अख्खा हात धरला तर हजार, पाच बोटे पाचशे, एक बोट शंभर, मधल्या पेरापर्यंत पन्नास, शेवटचे पेर दहा. हिरा आणि बैल यांत एक साम्य आहे, दोन नग कधी सारखे नसतात. दोन दातांचा दुसा की चार दातांचा चौसा, खूर कसे, चाल कशी, औताला की गाड्याला, यावर प्रत्येक बैलाची किंमत वेगळी. एकाचा भाव मोठ्याने सांगितला तर पुढचे गिऱ्हाईक त्यावरच अडून बसणार. शिवाय पेरणीच्या तोंडावर पैशासाठी दावण मोकळी करणाऱ्याची नड चारचौघांत उघडी पडत नाही, हेही मोलाचे.

यावरचा एक आक्षेप रास्त आहे: दलाल मालकाला एक आकडा सांगतो, गिऱ्हाइकाला दुसरा, आणि मधला फरक स्वतः ठेवतो. पण हा दोष कापडाचा नाही, मालकाचा हात कापडाबाहेर राहण्याचा आहे. लिपी पाच बोटांची, कोणालाही येण्यासारखी. कापूस, धान्य, कांदा यांची गोष्ट मात्र निराळी. तिथे माझा ढीग शेजाऱ्याच्या ढिगासारखाच असतो, त्यामुळे शेजाऱ्याला काय मिळाले हे ऐकू येणे हेच शेतकऱ्याचे बळ. तिथे गुप्त बोली फक्त व्यापाऱ्याच्या सोयीची. वऱ्हाडातला 1897 चा कापूस व धान्य बाजाराचा कायदा, मुंबई प्रांतातला 1927 चा कापूस बाजाराचा कायदा आणि महाराष्ट्राचा 1963 चा बाजार समित्यांचा कायदा, या वाटेने शेतमाल उघड लिलावात आला. ते योग्यच झाले.

बैलांतही एक प्रकार कापडाबाहेर पडला आहे, तो शर्यतीच्या बैलाचा. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतींना पुन्हा परवानगी दिली. जुन्नर-आंबेगावात गाडा ही घराण्याची इभ्रत. शर्यतीच्या बैलाला किती लाख मोजले हे लपवण्यात तिथे घेणाऱ्याचा फायदा नाही आणि देणाऱ्याचाही नाही, म्हणून तो आकडा घाटावर, म्हणजे शर्यतीच्या मैदानावर, सगळ्यांना ठाऊक असतो.