‘शेवटचा पगार किती होता?’ – एका प्रश्नाचा इतिहास

बायकांना वय आणि पुरुषांना पगार विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. असे म्हणणारेच लग्न जुळवताना मुलाचा पगार, वरची मिळकत आणि फ्लॅटचे किती हप्ते राहिले आहेत हेही विचारून घेतात, ते सोडा. पण एरवी ही मर्यादा आपण कटाक्षाने पाळतो. सख्ख्या भावाला विचारत नाही, शेजारच्या टेबलावर दहा वर्षे बसणाऱ्या सहकाऱ्याला विचारत नाही. मात्र मुलाखतीला गेल्यावर समोरच्या अनोळखी माणसाने ‘सध्या किती घेता?’ म्हटले की आकडा सांगून मोकळे होतो, वर तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपाही जोडतो.

मागे एका दिवाळीच्या फराळाला इथे ल्यूकनमध्ये चार-पाच कुटुंबे जमली होती. त्यातले दोन गृहस्थ पुण्याहून आलेले, एकाच तऱ्हेचे काम करणारे आणि रोज एकाच गाडीतून कामावर जाणारे. बोलता बोलता आकडे बाहेर पडले आणि वर्षाला अकरा हजार युरोंचा फरक निघाला. अनुभव दोघांचा सारखाच. फरक इतकाच की एकाला घेताना ‘पुण्यात किती मिळत होते?’ असे विचारले होते, आणि दुसरा इथलीच एक नोकरी सोडून आला होता. पुढची पाच मिनिटे चकल्यांखेरीज कशाचाही आवाज आला नाही.

तेव्हापासून हा प्रश्न आला कुठून, याचा शोध घ्यावासा वाटला.

आपल्या वडील मंडळींपैकी जे सरकारी नोकरीत होते त्यांना ‘एल.पी.सी.’ आठवत असेल. लास्ट पे सर्टिफिकेट, म्हणजे अंतिम वेतन प्रमाणपत्र. नाशिकच्या कचेरीतल्या कारकुनाची रत्नागिरीला बदली झाली, की त्याला कोणत्या तारखेपर्यंत किती पगार दिला, कोणत्या कपाती चालू आहेत, हे जुनी कचेरी लिहून देई. तो कागद पोचेपर्यंत नव्या ठिकाणी पगार निघत नसे, त्यामुळे बदलीच्या पहिल्या महिन्यात घरोघरी उधारीचे दिवस येत. कागदाचा हेतू मात्र सरळ होता. एकाच महिन्याचा पगार दोनदा निघू नये, आणि जागा बदलली म्हणून माणसाचे नुकसान होऊ नये. १ जानेवारी १९२२ पासून लागू झालेल्या ‘फंडामेंटल रूल्स’मध्येही नव्या जागेचा पगार ठरवताना जुन्या पगाराचा आधार घेतला आहे, तो माणूस खाली घसरू नये म्हणून. थोडक्यात, मागचा पगार विचारणे हे तिथे नोकराच्या संरक्षणाचे साधन होते.

आणि ते तसे राहू शकले, कारण पगार गुप्त नव्हताच. तिसऱ्या वेतन आयोगानंतरचे केंद्र सरकारच्या कनिष्ठ कारकुनाचे स्केल पाहा: २६०-६-२९०-ई.बी.-६-३२६-८-३६६-ई.बी.-८-३९०-१०-४००. मंत्र म्हटल्यासारखी ही आकड्यांची माळ नोकरीच्या जाहिरातीतच छापलेली असे. अर्ज करण्यापूर्वीच सुरुवात किती, दरसाल वाढ किती, ‘एफिशिअन्सी बार’ कुठे अडवणार आणि निवृत्त होताना किती, हे सगळे दिसे. साहेबाचा पगार शिपायाला ठाऊक आणि शिपायाचा साहेबाला. त्यात कोणाची अब्रू गेली असे ऐकिवात नाही.

गिरणगावात ही स्पष्टता आयती मिळाली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, तेव्हाच्या मागण्यांत रविवारच्या सुट्टीबरोबर एक साधी मागणी होती: महिन्याचा पगार निदान पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात पडावा. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. पगाराच्या तारखेचा कायदा व्हायला १९३६ साल उजाडले. त्या ‘पेमेंट ऑफ वेजेस ॲक्ट’ने सात किंवा दहा तारखेची मुदत घातली, कामगार हजारांहून कमी असतील तर सात, एरवी दहा. आज आपण सात तारखेला ‘अजून जमा झाला नाही’ म्हणून कुरकुर करतो त्याच्या मागे एवढा इतिहास आहे.

पगार किती, हा प्रश्न त्याहून अवघड होता. गिरणीगणिक दर वेगळा, खात्यागणिक वेगळा, आणि कामावर घेणारा जॉबर म्हणेल तोच शेवटचा शब्द. समोरासमोरच्या दोन गिरण्यांत तेच काम करणाऱ्या विणकरांच्या हाती वेगवेगळी रक्कम पडे. मुंबई सरकारने १९२१ मध्ये लेबर ऑफिस काढले, ‘लेबर गॅझेट’ हे मासिक सुरू केले आणि गिरण्यांतल्या मजुरीची मोजदाद केली, तेव्हा कुठे हे आकडे छापील स्वरूपात समोर आले. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या सार्वत्रिक संपात सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. त्यानंतर नेमलेल्या फॉसेट समितीपुढे मजुरीच्या प्रमाणीकरणाचा, म्हणजे त्याच कामाला सगळ्या गिरण्यांत तोच दर असावा याचा, खल झाला. ते प्रत्यक्षात यायला आणखी जवळजवळ वीस वर्षे गेली. १९४७ च्या औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने कामावार दर ठरवून दिले आणि किमान मूळ पगार महिना ३० रुपये केला. प्रमाणीकरण हा शब्द रुक्ष आहे खरा, पण त्याचा रोजचा अर्थ असा की दारावर आलेल्या माणसाला ‘मागच्या गिरणीत किती मिळत होते?’ हे विचारण्यात मालकाला काही फायदा उरला नाही.

आता ज्या खटल्याची मला सर्वांत जास्त ओढ वाटते त्याकडे येतो. ऑड्री डिकोस्टा या मुंबईत मॅकिनन मॅकेन्झी या जुन्या जहाज कंपनीत लघुलेखिका होत्या. हुद्दा होता ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’. काम वरिष्ठ अधिकाऱ्यांचे श्रुतलेखन आणि टंकलेखन. १९७७ च्या जूनमध्ये त्यांची नोकरी संपुष्टात आली, आणि मग १९७६ च्या समान वेतन कायद्याखाली त्यांनी दावा लावला: पुरुष लघुलेखक हेच काम करतात आणि मला त्यांच्याहून कमी मिळत होते. कायदा नवा असल्याने मागता येण्याजोगा काळ अवघा काही महिन्यांचा होता.

कंपनीचे म्हणणे असे की स्त्रिया ‘कॉन्फिडेन्शियल’ आहेत, साहेबांना जोडलेल्या आहेत, त्यांचे काम वेगळे. शिवाय पगार युनियनशी झालेल्या करारानेच ठरले आहेत. आणि आता समान पगार देण्याची ऐपतही नाही. पहिल्या अधिकाऱ्याने दावा फेटाळला. अपिलात कामगार उपायुक्तांनी तो मान्य केला. कंपनी उच्च न्यायालयात हरली आणि सर्वोच्च न्यायालयात गेली. २६ मार्च १९८७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: काम तेच आहे, करार कायद्याच्या वर नाही, आणि ऐपत नाही ही सबब चालणार नाही. काही महिन्यांच्या फरकासाठी जवळजवळ दहा वर्षे!

या खटल्यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. बाई ‘कॉन्फिडेन्शियल’ होत्या, पण पगार कॉन्फिडेन्शियल नव्हता. युनियनच्या करारात श्रेणी लिहिलेल्या होत्या. पुरुषांना किती आणि स्त्रियांना किती हे कागदावर दाखवता आले म्हणून दावा उभा राहिला. युरोपच्या न्यायालयाने १९८९ मध्ये डेन्मार्कच्या डॅनफॉस कंपनीच्या खटल्यात हेच दुसऱ्या टोकाने सांगितले: स्त्रियांची सरासरी कमी दिसत असेल आणि पगार कसा ठरतो हेच कळायला मार्ग नसेल, तर भेदभाव केलेला नाही हे मालकाने सिद्ध करावे.

मग आमची पिढी आली. पुण्या-मुंबईत संगणकाच्या नोकऱ्या आल्या, स्केल गेले आणि ‘सी.टी.सी.’ आले. नेमणूकपत्रात पगार गोपनीय ठेवण्याचे कलम आले आणि आम्ही न वाचता सही केली, किंबहुना ते प्रतिष्ठेचे मानले. वडिलांचा एल.पी.सी. खासगी कचेरीत ‘लास्ट ड्रॉन सॅलरी’ होऊन बसला. जो कागद माणूस खाली घसरू नये म्हणून होता, तो आता माणूस फार वर जाऊ नये म्हणून वापरला जाऊ लागला. मागचा पगार अधिक तीस टक्के, की झाला नवा पगार. जागेची किंमत काय, हे कोणी विचारायचेच नाही. आपल्या वडिलांनी आणि गिरणगावाने भांडून उघडा केलेला आकडा आपण शिष्टाचार म्हणून पुन्हा झाकून ठेवला, असे माझे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेतही वेगळे नव्हते. १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकाने पगाराची चर्चा करण्यास बंदी करणारे पत्रक काढले, तेव्हा डोरोथी पार्कर, रॉबर्ट बेंचली आणि रॉबर्ट शेरवूड हे तिघे आपापला पगार लिहिलेल्या पाट्या गळ्यात अडकवून कचेरीत हिंडले. एलीन रिझो या गणिताच्या शिक्षणतज्ज्ञ बाईंचे प्रकरण अलीकडचे. कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो काउंटीने २००९ मध्ये त्यांना घेताना नियमच लावला होता: मागचा पगार अधिक पाच टक्के. २०१२ मध्ये जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांशी बोलताना कळले की नंतर आलेल्या एका पुरुषाची सुरुवातच वरून झाली आहे. त्या कोर्टात गेल्या. २०१८ मध्ये जिंकल्या, पण निकालपत्र लिहिणारे न्यायाधीश निकाल जाहीर होण्याच्या थोडे आधीच वारल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने तो बाजूला ठेवला. २०२० मध्ये पुन्हा जिंकल्या. मागचा पगार हे स्त्रीला कमी देण्याचे कारण होऊ शकत नाही, असा तो निकाल. मॅसॅच्युसेट्स राज्याने तर २०१६ मध्येच कायदा करून हा प्रश्न विचारण्यावर बंदी घातली होती. ती जुलै २०१८ पासून लागू झाली.

आणि आयर्लंड? इथल्या सरकारी खात्यात लग्न झाले की बाईने राजीनामा द्यायचा, हा नियम १९७३ पर्यंत होता. शिक्षकांच्या पगारात तर विवाहित पुरुषांचे स्केल वेगळे होते. १९७३ मध्ये देश युरोपीय समुदायात आला, १९७४ मध्ये समान वेतनाचा कायदा झाला, आणि तो ३१ डिसेंबर १९७५ पासून लागू व्हायचा होता. वेळ आली तेव्हा सरकारने तो लांबवण्याची खटपट केली. युरोपीय आयोगाने नकार दिला. परवडत नाही, ही सबब मॅकिनन मॅकेन्झीची एकटीची नव्हती. २०२३ मध्ये आर.टी.ई.ने आपल्या सर्वांत नामांकित निवेदकाच्या मानधनाचे छापलेले आकडे कमी दाखवले होते हे उघडकीला आले, तेव्हा आठवडेच्या आठवडे बसमध्ये, दुकानात दुसरा विषय नव्हता.

त्याच वर्षी, १० मे २०२३ रोजी, युरोपीय संघाने वेतन पारदर्शकतेचा निर्देश मंजूर केला. त्याच्या पाचव्या कलमात दोन गोष्टी आहेत. उमेदवाराला सुरुवातीचा पगार किंवा त्याची मर्यादा आधी सांगितली पाहिजे. आणि आजच्या किंवा पूर्वीच्या नोकरीतला पगार मालकाने विचारता कामा नये. निर्देश मुळात स्त्री-पुरुष समानतेसाठी आहे, पण हे कलम सगळ्या उमेदवारांना लागू आहे. शिवाय आपल्या तऱ्हेचे काम करणाऱ्या स्त्रियांची आणि पुरुषांची सरासरी किती, हे नोकर लेखी विचारू शकतो आणि मालकाने दोन महिन्यांत उत्तर द्यायचे आहे. सदस्य देशांना आपापले कायदे बदलण्यासाठी ७ जून २०२६ ही तारीख देण्यात आली, आणि आयर्लंड सरकारने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विधेयकाच्या आराखड्यात ही पाचव्या कलमाची दोन्ही बंधने घेतली होती.

आपल्या घरांत याचा अर्थ काय होतो? पुण्यात बारा लाख मिळवणाऱ्याचा आकडा, युरोला ९० रुपये धरले, तर १३,३०० युरो होतो. जानेवारी २०२४ पासून क्रिटिकल स्किल्स परमिटला पदवीधरासाठी किमान ३८,००० युरो लागू झाले. म्हणजे कंपनीला एवढे द्यावेच लागे. पण मागचा आकडा ऐकल्यावर त्याच्या फार वर जाण्याची गरज तिला वाटत नसे, आणि आपणही तिपटीच्या आनंदात सही करत होतो. भाडे मात्र ल्यूकनचेच भरायचे होते, कोथरूडचे नव्हे.

त्याहून जास्त नुकसान आपल्या बायकांचे झाले. २०१९ च्या मार्चपर्यंत क्रिटिकल स्किल्सवाल्याच्या पत्नीला इथे आल्या आल्या मोकळेपणी नोकरी करता येत नसे. जनरल परमिटवाल्यांच्या जोडीदारांना तर मे २०२४ पर्यंत थांबावे लागले. पाच-सात वर्षे घरी काढून जी बाई अर्ज भरायला बसली, तिच्यासमोर तोच रकाना होता. तिने त्यात काय लिहायचे? सात वर्षांपूर्वीचे रुपये? मी पाहिलेल्या एका अर्जात तर ऑनलाइन रकाना रिकामा ठेवला की पुढचे पानच उघडत नव्हते. शेवटी शून्य टाकले, आणि मुलाखतीत त्या शून्याबद्दलच पहिला प्रश्न आला.

वर सांगितलेले दोघे गृहस्थ अजून एकाच गाडीतून जातात. कमी पगारवाल्याने दुसऱ्या वर्षी वरिष्ठांकडे विषय काढला. मागचा आकडा न बोलता ‘या कामाची श्रेणी किती ते किती?’ एवढेच विचारले. फरक पुरता भरला नाही, निम्मा भरला.

सभासदांपैकी ज्यांना मुलाखतीत हा प्रश्न विचारला गेला असेल, त्यांनी काय उत्तर दिले ते वार्तापत्राकडे जरूर लिहून पाठवावे. नावे छापली जाणार नाहीत. आकडा लिहायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.