मनोऱ्याच्या पायथ्याची पेटी : भोर-वेल्हे खोऱ्यांतील बिनतारी दळणवळणाची एक उपेक्षित बाजू

४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सिंहगड हस्तगत झाल्याची वार्ता राजगडास पोहोचली ती उजेडाच्या रूपाने. गडावरील पागेच्या खणांना आग लावण्यात आली व तिचा प्रकाश राजगडावरून दिसला, असे सभासदाच्या बखरीत नमूद आहे. या दोन गडांमधील सरळ अंतर सुमारे १५ किलोमीटर असून मध्ये दृष्टी अडविणारा डोंगर नाही. आजच्या बिनतारी इंटरनेटचे दुवेही याच नियमाने चालतात. एका माथ्यावरून दुसरा माथा दिसला, तरच संदेश जातो. गुंजण मावळ, कानद खोरे, हिरडस मावळ, वेळवंड खोरे ही नावेच सांगतात की, या प्रदेशातील वस्ती खोऱ्याखोऱ्यांत विभागलेली आहे. एका खोऱ्यातील लहरी शेजारच्या खोऱ्यात सहसा उतरत नाहीत. भाटघर, पानशेत व नीरा-देवघर यांच्या जलाशयांनी काही वस्त्यांना अधिकच दूर सारले. माथ्यावर मनोरा उभारण्यावाचून येथे गत्यंतर नव्हते.

मनोऱ्याचा इतिहास थोडाफार लिहिला जातो. त्याच्या पायथ्याशी असणाऱ्या पेटीचा मात्र कोणी लिहीत नाही. वस्तुतः विद्युत्घट, प्रभारण-नियंत्रक, राऊटर व तारांची जोडणी यांना सामावून घेणारी ही पेटी टिकते किंवा कुजते, यावरच दुव्याचे आयुष्य ठरते. सिंहगडावरील दूरदर्शनच्या मनोऱ्यास इमारत आहे, कर्मचारी आहेत. वेल्हे तालुक्यातील (२०२४ साली याचे ‘राजगड’ असे नामांतर मंजूर झाले) एखाद्या धनगरवाड्यावरील लहान खांबास यांपैकी काहीही लाभत नाही. इमारत, राखणदार आणि छप्पर या तिघांचे काम तेथे दोन फूट रुंदीच्या पेटीने करावयाचे असते.

हा प्रश्न इंटरनेटबरोबर उद्भवला असे मात्र नव्हे. तारांचे क्षरण टळावे म्हणून धनाग्र जमिनीस जोडून ऋण ४८ व्होल्टांवर दूरध्वनी-केंद्रे चालविण्याचा प्रघात जुना आहे, आणि इथरनेटच्या तारेतूनच वीज पाठविण्याच्या २००३ सालच्या मानकाने जवळपास तोच दाब स्वीकारला. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने ग्रामीण भागासाठी १२८ जोडण्यांचे स्वयंचलित केंद्र घडविले. त्याचे खरे वैशिष्ट्य जोडण्यांच्या संख्येत नव्हते. वातानुकूलनावाचून ते चालत असे, हेच त्याचे मोठे यश होय. उलट, त्यानंतर गावोगाव बसविलेली ‘मार’ पद्धतीची बिनतारी सार्वजनिक दूरध्वनी-यंत्रे नादुरुस्तीसाठीच कुप्रसिद्ध झाली व पुढे ती बदलावी लागली. उष्मा आणि वीजपुरवठा यांचा विचार यंत्राच्या आराखड्यातच झाला होता की नाही, हा भेद या दोन उदाहरणांतून स्पष्ट होतो.

जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधील ६०५ मेगाहर्ट्झ परवान्यातून मुक्त झाले. ग्रामसंस्थांना व लहान सेवादात्यांना स्वतःचे दुवे उभारणे त्यामुळे शक्य झाले. मोठ्या कंपनीच्या तयार निवाऱ्याची जागा स्थानिक कारागिराने बनविलेल्या पत्र्याच्या अथवा तंतुकाचेच्या पेटीने घेतली, आणि अभियंत्याचा प्रश्न लोहाराच्या दारी आला.

बाजारात मिळणाऱ्या पेटीवर ‘आयपी ६५’ असा शिक्का असतो. आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाच्या या संकेतात पहिला अंक धुळीचा व दुसरा पाण्याचा. ५ हा अंक मिळण्यासाठी पेटीवर पाण्याचा झोत मारावयाचा, तो किमान तीन मिनिटे. केळद-पासलीकडचा पाऊस चार महिने पडतो, वाऱ्यासह आडवा येतो. तरीही बहुतेक पेट्या बाहेरच्या पावसाने बिघडत नाहीत. आतल्या दवाने बिघडतात. दिवसा तापलेली हवा फटींतून बाहेर पडते, रात्री पेटी निवते व दमट हवा आत ओढली जाते. पेटी जितकी घट्ट, तितके आत आलेले पाणी बाहेर पडणे अवघड. म्हणून तारा नेहमी तळाकडून आत घ्यावयाच्या, आत शिरण्यापूर्वी त्यांना खाली झोळ द्यावयाचा, तळाशी जाळीचे छिद्र ठेवावयाचे आणि माथ्यावर हवेची पोकळी सोडून दुसरे छप्पर घालावयाचे. जाळी विसरली तर मुंग्या आणि पाली आत शिरतात, हे कोणत्याही मानकात शोधण्याची गरज नाही.

खरा पेच विद्युत्घटाचा आहे. २० वॉटचा भार रात्रंदिवस चालवावयाचा तर दररोज ४८० वॉट-तास लागतात. तीन दिवस सूर्य दिसला नाही, तर १,४४० वॉट-तास हवेत. शिसे-आम्ल घट निम्म्याहून अधिक रिकामा करावयाचा नाही असे ठरविल्यास साठवण दुप्पट, म्हणजे १२ व्होल्टांवर २४० ॲम्पिअर-तास लागते. हे वजन डोंगरावर माणसाच्या डोक्यावरून जाते. आषाढात तर तीन दिवसांचा हिशेबही तोकडा पडतो. त्यात असा घट प्रभारण होताना हायड्रोजन सोडतो. त्यास मोकळी हवा हवी. राऊटरला बंद पेटी हवी. दोघांना एका पेटीत कोंडणे ही काटकसर नव्हे, चूक आहे. तळाशी हवेशीर कप्पा घटांचा व वर बंद कप्पा यंत्रांचा, हीच रचना शहाणपणाची. तापमान १० अंशांनी वाढले की अशा घटाचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते, म्हणून पेटीचा रंग पांढरा असण्यालाही अर्थ आहे.

माथ्यावरच्या काळ्या पाषाणात भू-जोडणी करणे हे आणखी एक संकट. माती हातभर, खाली बेसाल्टचा थर. मीठ-कोळशाचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच येतात. मनोरा, सौरफलक व पेटी यांचे भू-संबंध एकाच बिंदूस जोडले नाहीत, तर वीज यंत्रातूनच वाट काढते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले व घाटमाथ्यापर्यंत विजेचे खांब मोडून पडले. वीज गेल्यावर मनोरा उभा असूनही मुका होतो. साठविलेली वीज संपेपर्यंत, म्हणजे बहुधा काही तासच, तो बोलतो. त्याच वर्षी शाळा दूरध्वनीच्या पडद्यावर भरू लागल्या होत्या. रास्त भाव दुकानातील ई-पॉस यंत्रास अंगठ्याची ओळख पटविण्यासाठी जाळे हवे असते. जाळे नसल्यास दुकानदार धान्यासाठी आलेल्या म्हातारीस उद्या येण्यास सांगतो, आणि ती पुन्हा डोंगर चढून घरी जाते. वरच्या पेटीचा कप्पा उघडला, तर तळाशी बोटभर पाणी साचलेले आणि घटाच्या अग्रांवर हिरवट क्षार चढलेला दिसतो.