शुद्ध रक्ताच्या मोटारी : पोर्शे, एएमजी आणि अस्सलपणाचा वाद

इटलीच्या फेरारी कंपनीने सप्टेंबर २०२२मध्ये चार दारांची, उंच बांध्याची एक मोटार सादर केली. तिचं नाव ‘पुरोसांग्वे’. इटालियनमध्ये त्याचा अर्थ शुद्ध रक्ताचा. जातिवंत घोड्याला उर्दूत ‘असील’ म्हणतात, तसंच काहीसं. ज्या प्रकारच्या मोटारीमुळे घराण्याचं नाव बाटतं असा ओरडा वीस वर्षं चालला होता, नेमक्या त्याच प्रकारच्या मोटारीला कंपनीने शुद्ध रक्ताचं नाव दिलं. शिवाय तिला एसयूव्ही म्हणायचं मात्र कटाक्षाने टाळलं.

मी मोटारींचा तंत्रज्ञ नाही. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. पण ‘अस्सल कोण आणि भेसळ कोण’ हा वाद माझ्या विषयांत रोजचाच आहे. वर्गातली मुलं रस्त्यावरच्या गाडीकडे बोट दाखवून ‘सर, ती खरी एम नाही, नुसता बिल्ला लावलाय’ असं म्हणतात, तेव्हा मला भाषेचे पंडित आठवतात. म्हणून या वादाचा इतिहास मी जरा नीट वाचून काढला. तो मोटारींपुरता राहत नाही.

पहिली पोर्शेच मुळात मिश्र

पोर्शे म्हटलं की ९११ ही मोटार डोळ्यांसमोर येते. बुटकी, गोल पाठीची, इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. चाहत्यांच्या लेखी हीच खरी पोर्शे. पण या नावाची पहिली मोटार ३५६ होती. ती १९४८ साली ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड या गावात तयार झाली आणि तिचे बरेचसे सुटे भाग फोक्सवॅगन बीटल या सर्वसामान्यांच्या मोटारीतून घेतले होते. म्हणजे ज्या घराण्याच्या शुद्धतेसाठी पुढे भांडणं झाली, त्याचा मूळ पुरुषच मिश्र होता.

१९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात नवी मोटार आली. तिचा क्रमांक होता ९०१. मधे शून्य असलेल्या तीन अंकी नावांवर प्यूजोने हक्क सांगितला, म्हणून तिची ९११ झाली. पुढे १९६९मध्ये फोक्सवॅगनबरोबर केलेली ९१४ आली. चाहते म्हणाले, ही पोर्शे नव्हे. १९७६मध्ये ९२४ आली. तिचं इंजिन पुढे होतं, ते पाण्याने थंड होत असे आणि त्याच जातीचं इंजिन फोक्सवॅगनच्या एलटी या मालवाहू व्हॅनमध्येही बसवलं जाई. मग काय, ‘व्हॅनच्या इंजिनाची पोर्शे’ हा टोमणा तिला कायमचा चिकटला.

चाहते नेहमीच चुकीचे असतात असं मात्र नाही. १९७७ साली कंपनीने ९२८ आणली. तीही पुढे इंजिन असलेली, आठ सिलिंडरची. वरिष्ठांचा विचार असा होता की, ९११ हळूहळू बंद करावी आणि ९२८ने तिची जागा घ्यावी. १९८१मध्ये पीटर शुट्झ कंपनीचे प्रमुख झाले. त्यांनी पाहिलं की, कंपनीतली माणसंच ९११च्या मरणाने उदास आहेत. भिंतीवरच्या तक्त्यात ९११ची रेघ १९८१पाशी संपत होती. शुट्झ यांनी पेन घेऊन ती रेघ तक्त्याबाहेर भिंतीपर्यंत ओढली, ही हकीकत ते स्वतः सांगत असत. ९११ वाचली. त्या वेळी चाहत्यांचा हट्ट बरोबर होता आणि हिशेब मांडणारे चुकले होते.

दिवाळं आणि उंच मोटार

दहा वर्षांतच चित्र पालटलं. १९८६मध्ये पोर्शे अमेरिकेत तीस हजारांहून अधिक मोटारी विकत होती. १९९३मध्ये हा आकडा चार हजारांच्या आसपास घसरला. डॉलर पडला होता, मंदी होती, कारखान्याची पद्धत जुनाट होती. त्या वर्षी वेंडेलिन वीडेकिंग प्रमुख झाले. त्यांनी टोयोटाच्या पद्धतीचे जपानी सल्लागार बोलावून कारखान्याची घडी नव्याने बसवली. १९९६मध्ये स्वस्तातली बॉक्स्टर आली. पुढच्या वर्षी आलेल्या नव्या ९११चा चेहरा बॉक्स्टरसारखाच होता आणि तिचं इंजिन आता हवेऐवजी पाण्याने थंड होणारं होतं. तिच्या दिव्यांना चाहत्यांनी ‘तळलेली अंडी’ म्हटलं. हवेने थंड होणारं इंजिन गेलं म्हणजे पोर्शे संपली, असं तेव्हा गंभीरपणे बोललं गेलं.

खरा हलकल्लोळ झाला २००२ साली. पॅरिसच्या प्रदर्शनात पोर्शेने केयेन ही पाच दारांची, दोन टनांहून जड एसयूव्ही मांडली. तिचा सांगाडा फोक्सवॅगनच्या टूआरेगशी सामायिक होता. तिच्या टर्बो प्रकारात ४५० अश्वशक्तीचं इंजिन होतं, पण चाहत्यांना त्याचं काय! शर्यतींवर पोसलेलं नाव मुलांना शाळेत सोडणाऱ्या गाडीवर लावलं, हीच त्यांची तक्रार होती.

पुढची पायरी होती आकाराने लहान एसयूव्ही. २०१३च्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये दाखवलेली माकान २०१४पासून लाइपझिगच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली. हा शब्द इंडोनेशियातला, अर्थ वाघ. माझ्या उर्दू कानाला मात्र तो ‘मकान’ ऐकू येतो आणि तेही चुकीचं वाटत नाही, कारण ही घरादाराची मोटार होती. तिचा पाया ऑडी क्यू५चा होता. एस आणि टर्बो या प्रकारांत पोर्शेची स्वतःची सहा सिलिंडरची इंजिनं होती, टर्बोची ताकद ४०० अश्वशक्ती. सर्वात स्वस्त माकानमध्ये मात्र ऑडीच्या घरातलं चार सिलिंडरचं इंजिन आलं. लगेच ९२४च्या वेळचे जुने टोमणे नव्याने निघाले.

आता आकडे पाहू. २०२१ साली पोर्शेने जगभरात ३,०१,९१५ मोटारी ग्राहकांना दिल्या. त्यांत माकान होत्या ८८,३६२, केयेन ८३,०७१ आणि ९११ होत्या ३८,४६४. म्हणजे निम्म्याहून अधिक मोटारी त्या दोन ‘अशुद्ध’ नावांच्या. याच काळात पोर्शे २०१४मध्ये ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत अव्वल गटात परतली आणि २०१५, २०१६, २०१७ अशी सलग तीन वर्षं जिंकली. ९११ही मेली नाही. उलट तिचे इतके प्रकार पूर्वी कधी निघत नव्हते. ज्या मोटारीने घराणं बुडेल असं भाकीत होतं, तिच्या कमाईवर घराण्याची शान टिकली.

सहीची पाटी

इथेच लेख संपवला तर तो बाजाराची वकिली ठरेल. म्हणून दुसरं घराणं पाहू.

१९६७ साली हान्स वेर्नर आउफ्रेख्ट आणि एर्हार्ड मेल्शर या दोन अभियंत्यांनी मर्सिडीजच्या मोटारी अधिक वेगवान करून देण्याचा छोटा धंदा काढला. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरं आणि आउफ्रेख्ट यांच्या ग्रोसआस्पाख या जन्मगावाचं आद्याक्षर मिळून झालं एएमजी. १९७१मध्ये बेल्जियममधल्या स्पाच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्यांची लाल रंगाची, अवाढव्य सलून मोटार दुसरी आली आणि नाव झालं. १९९९मध्ये मूळ कंपनीने एएमजीचा बहुसंख्य हिस्सा घेतला आणि २००५मध्ये ती पूर्ण ताब्यात घेतली.

या घराण्याची ओळख एका पाटीत होती. एक माणूस, एक इंजिन. ज्या कारागिराने इंजिन पहिल्यापासून शेवटपर्यंत जोडलं, त्याच्या सहीची पाटी त्या इंजिनावर लागे. आमच्याकडे खुशनवीस कातिब किताबतीच्या शेवटी आपलं नाव लिहीत असे, त्याची मला आठवण होते. नाव लिहिलं की जबाबदारी आली.

२०१४मध्ये जीएलए ४५ एएमजी आली, तेव्हा चाहते बिथरले. एएमजी म्हणजे आठ सिलिंडर आणि मागच्या चाकांचा जोर. आणि इथे तर छोट्या कौटुंबिक मोटारीच्या पायावर उभी असलेली एसयूव्ही, दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन! पण त्या छोट्या इंजिनातून ३६० अश्वशक्ती निघत होती आणि त्यावर सहीची पाटीही होती. माझ्या मते ती मोटार रूपाने वेगळी, पण घराण्याचीच होती.

त्यानंतर ‘४३’ आकड्याच्या मोटारी आल्या. त्यांच्या सहा सिलिंडरच्या इंजिनावर ती सही नव्हती. मोटारी वेगवान होत्या, पण एका माणसाने जोडलेलं इंजिन हा करार तिथे मोडला होता. शिवाय साध्या मर्सिडीजला नुसतं एएमजीच्या वळणाचं बंपर आणि चाकं देणारा ‘एएमजी लाइन’ हा साज निघाला. बीएमडब्ल्यूने ‘एम’ या अक्षराचं असंच केलं. १९७२ साली ३५ माणसांनिशी सुरू झालेल्या शर्यत विभागाचं ते अक्षर ‘एम स्पोर्ट’ म्हणून साध्या डिझेल गाड्यांवरही झळकू लागलं. माझ्या वर्गातल्या मुलांची तक्रार हीच आहे आणि ती रास्त आहे.

बीएमडब्ल्यूची कथा दुसऱ्या बाजूनेही बोलते. २०१९मध्ये एक्स३ एम ही ताकदवान लहान एसयूव्ही आली. तिची ताठर चाल अनेक परीक्षकांना खटकली. त्यात पदार्थविज्ञान आहे. मोटार उंच झाली की वजनाचा मध्य वर जातो, वळणावर ती कलू नये म्हणून स्प्रिंगा कडक कराव्या लागतात आणि मग खड्डा थेट पाठीत लागतो. पण तिचं सहा सिलिंडरचं इंजिन तिच्यात आधी आलं आणि नंतर त्याच घराण्यातलं इंजिन नव्या एम३मध्ये, म्हणजे चाहत्यांच्या लाडक्या मोटारीत, बसलं. त्याला कुणी भेसळ म्हटलं नाही. उलट २०२२मध्ये मर्सिडीजने सी ६३ या सलूनमधून आठ सिलिंडरचं इंजिन काढून छोट्या मोटारींच्या जातीचं चार सिलिंडरचं इंजिन आणि विजेची मोटर बसवली. एकूण ताकद ६८० अश्वशक्ती झाली, तरी चाहते रुसले. म्हणजे प्रश्न फक्त उंचीचा किंवा ताकदीचा नव्हता. नाव घेतल्यावर काय मिळेल, या अपेक्षेचा होता.

चाकण आणि दखनी

या इतिहासाचा एक धागा आपल्या मातीपर्यंत येतो. मर्सिडीजचा कारखाना २००९पासून पुण्याजवळ चाकणला आहे. नोव्हेंबर २०२०मध्ये तिथे जोडलेली पहिली एएमजी बाजारात आली. ती जीएलसी ४३ कूपे होती. उंच बांध्याची, ३९० अश्वशक्तीची आणि सहीच्या पाटीविना. भारतात जोडलेली पहिलीच एएमजी ही शुद्धतावाद्यांच्या हिशेबाने दुहेरी बाटलेली. पण तोवर एएमजी भारतात तयारच येत असे. तो बिल्ला चाकणच्या हातांपर्यंत पोहोचला तो याच ‘बाटलेल्या’ मोटारीमुळे, हेही त्याच हिशेबात लिहायला हवं.

उर्दूचा शिक्षक म्हणून मला इथे दखनी आठवते. दिल्ली आणि लखनौच्या जाणकारांनी दखनी बोलीला गावठी म्हटलं. तिच्यात मराठी, तेलुगू, कन्नडचे शब्द होते. पण अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वली दखनीचा दिवाण दिल्लीत पोहोचला आणि तिथल्या फारसीत लिहिणाऱ्या शायरांना कळलं की, या भाषेत मोठी गझल होऊ शकते. मिश्रणाने भाषा मेली नाही. भाषा मरते ती वेगळ्या कारणाने. लग्नाच्या कार्डावर आणि दुकानाच्या फलकावर उर्दूच्या वळणाची नक्षी उरते आणि घरात कुणाला वाचता येत नाही, तेव्हा. ते आपलं ‘उर्दू लाइन’ म्हणायचं.

तेव्हा शुद्धतेच्या वादात दोन तक्रारी एकत्र मिसळलेल्या असतात. एक तक्रार म्हणते, ‘हे रूप आमचं नाही, ही माणसं आमची नाहीत.’ तिच्यात बऱ्याचदा नव्याने आलेल्यांबद्दलची तुच्छता असते. शाळेत मुलं सोडणारी आई पोर्शे चालवते, याचंच काहींना दुःख होतं. दुसरी तक्रार म्हणते, ‘नाव ठेवलंत, पण नावामागचं काम काढून घेतलंत.’ पहिली तक्रार ३५६पासून माकानपर्यंत दर पिढीत खोटी ठरली, कारण प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीची भेसळ परंपरा म्हणून स्वीकारली. आज तळलेल्या अंड्यांच्या दिव्यांची ९११ही हौसेने शोधून विकत घेतली जाते. दुसरी तक्रार मात्र कोणत्याही काळात ऐकून घ्यावी अशी आहे.

मोटार असो, भाषा असो, नाहीतर घराणं, ‘यात काय मिसळलं’ असं विचारण्याआधी ‘यावर सही कुणाची आहे आणि ती करणाऱ्याने काम केलं आहे का’ हे विचारावं. फेरारीच्या त्या शुद्ध रक्ताच्या मोटारीलाही मी हाच प्रश्न विचारीन. तिच्या पुढच्या बाजूला बारा सिलिंडरचं, फेरारीचं स्वतःचं इंजिन आहे. उंची कितीही असो, एवढ्यापुरतं ते नाव तिने कमावलं आहे.