कलम ८४ : आजार आणि अपराध यांच्यामधली रेघ

मनोविकल माणसाच्या हातून घडलेल्या कृत्याला गुन्हा म्हणायचे की नाही, याचे भारतीय कायद्यातले उत्तर लंडनच्या एका खटल्याचे ऋणी आहे. २० जानेवारी १८४३ रोजी डॅनियल मॅक्नॉटन या ग्लासगोच्या कातार्‍याने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खासगी सचिव एडवर्ड ड्रमंड यांना पाठीत गोळी घातली; तो त्यांना पीलच समजला होता, असे मानले जाते. पील यांच्या टोरी पक्षाची माणसे आपल्या मागावर आहेत, ही त्याची पक्की समजूत. डॉक्टरांच्या साक्षी एकमुखी निघाल्या आणि ज्यूरीने त्याला वेडेपणाच्या कारणावरून निर्दोष ठरवले.

लोक खवळले. राणी व्हिक्टोरियाही नाराज झाली. तिच्यावर १८४० मध्ये पिस्तूल रोखणारा तरुणही असाच वेडा ठरून फासातून सुटला होता. उमराव सभेने न्यायाधीशांना लेखी प्रश्न घातले. त्यांच्या उत्तरातून नियम तयार झाला : प्रत्येक माणूस शहाणा आहे असे धरून चालायचे, आपण काय करतो आहोत किंवा ते चूक आहे, हे कृत्याच्या क्षणी मनाच्या रोगामुळे त्याला कळत नव्हते, असे सिद्ध झाले तरच तो सुटेल. गंमत अशी, की ही कसोटी काटेकोर लावली असती तर मॅक्नॉटन स्वतः सुटला असता की नाही, याची शंकाच आहे. माणसावर गोळी झाडतो आहोत, एवढे त्याला ठाऊक होते.

भारतात मेकॉलेने केलेल्या दंड संहितेच्या १८३७ च्या मसुद्यात याहून सैल तरतूद होती : वेडाच्या भरात, वेडामुळे केलेले कृत्य अपराध नाही. १८६० च्या दंड संहितेत मात्र कलम ८४ आले ते मॅक्नॉटनच्या वळणावर. कृत्याचे स्वरूप किंवा ते गैर अथवा बेकायदा असल्याचे जाणण्याची असमर्थता, तीही त्याच वेळची, हा त्याचा गाभा. माणूस आजारी होता का, एवढ्यावर हे कलम थांबत नाही. त्या आजाराने त्याची समज हिरावली होती का, हे विचारते. मनावर ताबा राहिला नव्हता, या सबबीला त्यात जागाच नाही.

ही रेघ किती कठोर पडू शकते, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या १८८६ च्या एका निकालात दिसते. तापाने फणफणलेल्या, आवाजही सहन न होणार्‍या बापाने आपल्या लहान मुलांना ठार केले होते. ताप होता, चिडचिड होती, पण भ्रम नव्हता. आपण काय करतो आहोत हे त्याला कळत होते. खुनाचा गुन्हा कायम झाला.

पुराव्याचा भार आरोपीवर असल्याने हे कलम फार थोड्यांच्या कामी आले. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो भार थोडा हलका केला : वेड पुरते सिद्ध झाले नाही, तरी समोरच्या पुराव्यावरून हेतूबद्दल रास्त शंका उरत असेल तर आरोपीला सोडावे लागेल. २००२ मध्ये महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाचे अपील त्याच न्यायालयात आले. त्याने पत्नीचा खून केला होता. त्याला आधीपासून स्किझोफ्रेनिया होता, वडिलांनाही मनोविकार होता, घटनेनंतर तो पळाला नव्हता की लपला नव्हता. आधीचे आणि नंतरचे उपचार एकत्र पाहून न्यायालयाने त्याला कलम ८४ चा लाभ दिला.

सुटका म्हणजे मोकळीक नव्हे. कृत्य घडले असे ठरले, की फौजदारी प्रक्रियेनुसार अशा माणसाला सुरक्षित ताब्यात ठेवायचे किंवा हमी घेऊन नातलगांच्या हवाली करायचे. शिक्षेला मुदत असते, या ताब्याला ती आधी ठरलेली नसते.

२०२३ मध्ये दंड संहितेची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या पहिल्या विधेयकात मनोविकलतेच्या जागी ‘मानसिक आजार’ असे शब्द घातले होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या व्याख्येत दारू वा अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मनोविकारही येतात. तेव्हा कलमाची कक्षा भलतीच रुंदावेल, असा आक्षेप आला. संसदीय समितीच्या शिफारशीनंतर जुने शब्द पुन्हा घातले गेले. १ जुलै २०२४ पासून लागू असलेले कलम २२ हे जवळपास १८६० चेच कलम ८४ आहे.