पहिल्या वर्षाची परीक्षा : हार्वर्ड, १८७०

मी पेशाने इंजिनिअर, कायद्याचा विद्यार्थी नाही. पण परीक्षा भरपूर दिल्यात, त्यामुळे आजचा प्रश्न जवळचा वाटतो : कायद्याच्या पहिल्या वर्षाची पोरं मनापासून अभ्यासाला लागतील अशी परीक्षा कशी आखायची?

चला १८७० च्या हार्वर्डला. तोवर तिथे कायद्याच्या पदवीसाठी परीक्षाच नव्हती. दीड वर्ष काढा, फी भरा, पदवी घ्या! त्या वर्षी क्रिस्टोफर कोलंबस लँगडेल डीन झाले. त्यांनी व्याख्यानं बाजूला ठेवून पोरांच्या हातात थेट कोर्टाचे निकाल दिले. पहिल्याच तासाला एका विद्यार्थ्याला 'पेन विरुद्ध केव्ह' या १७८९ च्या लिलावाच्या खटल्याची हकिगत सांगायला लावली. पुढे लेखी परीक्षा आली. पहिलं वर्ष पास झाल्याशिवाय दुसरं नाही. प्रश्नही कसे, तर एक काल्पनिक भांडण द्यायचं आणि विचारायचं : हक्क कुणाचा, आणि का? नुसती घोकंपट्टी इथे पुरणार नव्हती.

पोरं खूश झाली? छे! वर्ग ओस पडले. १८७२ मध्ये बॉस्टन विद्यापीठाने जुन्या वळणाचं लॉ स्कूल काढलं. पण लँगडेल हटले नाहीत, आणि हळूहळू त्यांची पद्धत अमेरिकाभर पसरली.

गोची वेगळीच होती. वर्गात रोज प्रश्नांचा मारा, पण मार्क सगळे वर्षअखेरच्या एका पेपरवर. आपलं कुठे चुकतंय हे कळायचं तेव्हा विषयच संपलेला! अशा वर्षात पोरांना पळवते ती भीती. स्कॉट टुरो यांनी 'वन एल' (१९७७) मध्ये हार्वर्डचं आपलं पहिलं वर्ष लिहिलंय, त्यात ती भीती पानोपानी आहे. अखेर २०१४ मध्ये अमेरिकन बार असोसिएशनने नियम केला : अभ्यासक्रम चालू असतानाही मूल्यमापन हवं, आणि विद्यार्थ्याला अभिप्राय हवा. म्हणजे तब्बल १४४ वर्षांनी!

मला हे पटलं ते पहिल्या नोकरीत. कॉलेजात तपासलेला पेपर कधी हातात आलाच नव्हता, नुसता आकडा यायचा. नोकरीत पहिला कोड परत आला तो शेऱ्यांनी भरून. वाईट वाटलं, पण दुरुस्त करायला वेळ होता, म्हणून रात्री बसून केला.

लँगडेलना प्रश्न कसा विचारावा हे कळलं होतं. उत्तर कधी परत द्यावं, ते राहून गेलं.

तुमचा तपासलेला पेपर तुम्हाला कधी परत मिळाला होता का? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!